मधमाशीचं विष रोगांबद्दल नेमकं काय सांगतं?

चौकस

'मधमाशीच्या विषाने कॅन्सर बरा', 'डंख घ्या, संधिवात पळवा' छापाचे फॉरवर्ड अधूनमधून येतच असतात. त्यावर इथे पूर्वी भरपूर हाणामारी झालेली आहे, ती पुन्हा उकरायची नाही. मला त्याच विषाची दुसरी बाजू मांडायची आहे. कीटकांच्या विषातून थेट औषधं निघाली ती जवळपास नाहीतच. पण आपली प्रतिकार यंत्रणा आतून कशी चालते, कोणती पेशी कुणाला काय निरोप धाडते, हे शोधताना ही विषं जेवढी कामी आली तेवढी औषध म्हणून कधी आली नाहीत, असं माझं मत आहे. पटत नसेल तर बिनधास्त भांडा.

विषात काय असतं ते पटकन. मधमाशीच्या सुकवलेल्या विषाचा साधारण निम्मा भाग मेलिटिन. ही २६ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी पेशीच्या पटलाला भोकं पाडते. त्याखालोखाल फॉस्फोलिपेज ए२ हे विकर (एन्झाइम), दहा-बारा टक्के. ते पटलातली लिपिडं, म्हणजे मेद, तोडतं. शिवाय अपामिन, मास्ट पेशींना (हिस्टामिनसारखी रसायनं साठवून ठेवणाऱ्या प्रतिकारपेशी) रिकामं करणारं एक पेप्टाइड, हायल्युरोनिडेज वगैरे मंडळी. गांधीलमाशीचा मसाला वेगळा, तिच्याकडे मास्टोपरान असतं.

आता मला सगळ्यात आवडलेला किस्सा. ऑक्सफर्ड, २०१५.

आपल्या त्वचेत लँगरहान्स पेशी, म्हणजे प्रतिकार यंत्रणेच्या पहारेकरी पेशी, असतात. त्यांच्या अंगावर सीडी१ए नावाचं प्रथिन असतं आणि त्याचं काम टी पेशींना (परकं काही ओळखून प्रतिकार सुरू करणाऱ्या पांढऱ्या पेशी) लिपिडं 'दाखवणं'. नेहमीची एचएलए प्रथिनं प्रथिनांचे तुकडे दाखवतात. सीडी१ घराण्याकडे लिपिडांचं खातं. तर मधमाशीचं किंवा गांधीलमाशीचं विष घातलं की माणसाच्या टी पेशी सीडी१ए मार्फत चेकाळतात असं दिसलं. विषात एखादं लिपिड असणार, हा सरळ अंदाज. म्हणून क्रोमॅटोग्राफीने विषाचे भाग वेगळे केले. टी पेशींना उठवणारा भाग निघाला प्रथिनांचा! सीडी१ए तर प्रथिनं दाखवत नाही. मग?

तो भाग म्हणजे फॉस्फोलिपेज. ते स्वतः दाखवलं जात नव्हतंच. ते पेशींची साधीसुधी फॉस्फोलिपिडं तोडत होतं, त्यातून सुटी मेदाम्लं आणि लायसोफॉस्फोलिपिडं तयार होत होती, आणि टी पेशी ओळखत होत्या त्या या तुकड्यांना. थोडक्यात, कापड आपल्याच त्वचेचं, माशीने आणली ती फक्त कात्री. माणसांच्या त्वचेत फॉस्फोलिपेज टोचलं तर तिथे लायसोफॉस्फोलिपिडं खरंच तयार होतात, हेही त्यांनी दाखवलं.

इथवर ही माशीची गोष्ट. पण कात्री काय एकट्या माशीकडे असते? त्याच गटाने २०१६ मध्ये दाखवलं की घरातल्या धुळीत राहणाऱ्या माइटचं फॉस्फोलिपेजही हाच उद्योग करतं, आणि त्वचेतलं फिलाग्रिन हे प्रथिन त्याला आवर घालतं. लहानपणापासूनचा इसब, म्हणजे अ‍ॅटोपिक डर्मटायटिस, असलेल्या बऱ्याच जणांत फिलाग्रिनचं जनुक सदोष असतं हे आधीपासून माहीत होतं. त्वचेचा बांध कच्चा राहतो एवढंच त्याचं स्पष्टीकरण तोवर दिलं जायचं; आता आणखी एक कारण हाताशी आलं. त्याच वर्षी सोरायसिसचं कोडंही थोडं सुटलं. तिथे बाहेरचं कुणी लागतच नाही. आपल्याच मास्ट पेशी एक फॉस्फोलिपेज एक्सोसोम नावाच्या सूक्ष्म पुडक्यांतून शेजारच्या पेशींना पोचवतात. पुढे सगळं तसंच: नवी लिपिडं, सीडी१ए, आणि टी पेशी आयएल-१७ हा दाह वाढवणारा निरोप सोडायला लागतात. आयएल-१७ अडवणारी इंजेक्शनं सोरायसिसमध्ये आज सर्रास वापरली जातात.

डंखाचा अभ्यास करता करता माणसं इसब आणि सोरायसिसपर्यंत पोचली. अशी आणखी उदाहरणं ज्यांना माहीत असतील त्यांनी भर घाला.

सुमेधा_र

वाचतेय. मस्त लिहिलंय, ते प्रथिनांचा भाग निघाला इथे मी थांबून पुन्हा वाचलं.

तिरकस

लेख रंजक आहे, पण हे सगळं उंदरांवरच ना? उंदरांचे इतके रोग बरे झालेत की आता त्यांची लोकसंख्या आटोक्यात ठेवायची पंचाईत असेल.

चौकस

तिरकसराव, या वेळी उंदीर वाचले. उंदरांना सीडी१ए नाहीच. सीडी१ घराण्यातलं त्यांच्याकडे फक्त सीडी१डी असतं. त्यामुळे हे सगळं माणसाच्या पेशी आणि माणसाची त्वचा घेऊनच करावं लागलं. किंबहुना ही वाट इतकी वर्षं दुर्लक्षित राहिली याचं एक कारण तेच असावं, उंदरात शोधत बसलात तर सापडणारच नाही.

पेशीवाला

माझं रोजचं काम मास्ट पेशींवर चालतं, त्यामुळे राहवलं नाही.

डंखाच्या अ‍ॅलर्जीत काय होतं ते आधी. पहिल्या डंखानंतर काही जणांत विषाविरुद्ध आयजीई जातीची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार होतात आणि मास्ट पेशींवर जाऊन बसतात. त्यांना धरून ठेवणारा पेशीवरचा ग्राहक (रिसेप्टर) इतका घट्ट असतो की महिनोन्‌महिने पकड सुटत नाही. पुढच्या डंखाला विषाचा एक रेणू शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम धरतो, ग्राहक जवळ ओढले जातात, आणि आत साखळी सुरू: लिन नावाचं विकर, मग सिक, मग लॅट, मग पेशीत कॅल्शियम चढतं आणि कण बाहेर ओतले जातात. हिस्टामिन, ट्रिप्टेज, हेपॅरिन काही मिनिटांत. ल्युकोट्राइन्स थोडी मागाहून.

या साखळीतला सिक बघा. मास्ट पेशी गप्प करायला त्याला अडवणारी रसायनं शोधली गेली. त्यातलं एक नाकात मारून सर्दीच्या अ‍ॅलर्जीवर तपासलंही होतं. त्याच घराण्यातलं फोस्टामॅटिनिब मात्र २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते भलत्याच आजारासाठी: आयटीपी, ज्यात आपल्याच प्रतिपिंडांमुळे प्लेटलेट खलास होतात. कारण मॅक्रोफेज पेशी त्या प्लेटलेट गिळतात तेव्हा आत निरोप पोचवणारा हाच सिक असतो. ग्राहक वेगळा, पेशी वेगळी, आतली तार एकच.

आणि मास्टोपरान हा तर आमचा जुना दोस्त. १४ अमिनो आम्लं फक्त. त्याला आयजीई लागतच नाही, ते थेट पेशीच्या आतल्या जी-प्रथिनांना (ग्राहकाचा निरोप आत पोचवणारी प्रथिनं) चालू करतं असं १९८८ मध्ये दाखवलं गेलं. म्हणून जी-प्रथिनांचा अभ्यास करणारे ते बाटलीबाटलीने वापरायचे. मग २०१५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने मास्ट पेशींवरचा एक ग्राहक पकडला. माणसात त्याचं नाव एमआरजीपीआरएक्स२. मास्टोपरान त्यालाही चाळवतं. पण खरी गंमत पुढे आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविकं आणि भूल देताना स्नायू सैल करायला वापरतात ती काही औषधं याच ग्राहकाला चाळवतात. औषध आयुष्यात पहिल्यांदाच घेतलं आणि तरी अंगावर गांधी उठल्या, आयजीईच्या तपासणीत काही सापडेना, असे रुग्ण डॉक्टरांना वर्षानुवर्षं दिसत होते. त्यातल्या बऱ्याच जणांचं स्पष्टीकरण इथे असू शकतं.

रात्रपाळी

+१. भूलतज्ज्ञांशी बोला, असे प्रसंग ते विसरत नाहीत.

मृण्मयी

मला एक मूलभूत शंका आहे. आयजीई हे प्रकरण उत्क्रांतीत टिकलंच कसं? शेंगदाणा, परागकण, डंख, जिथे बघावं तिथे त्रासच. जंतांसाठी असतं म्हणतात, पण जंताविरुद्ध काही मिनिटांत बीपी पाडण्याची घाई कशाला?

चौकस

मृण्मयीताई, हाच प्रश्न मार्जी प्रोफेट यांनी १९९१ मध्ये विचारला होता. त्यांचं म्हणणं, अ‍ॅलर्जी ही मुळात विषांविरुद्धची यंत्रणा आहे. शिंक, खोकला, उलटी, खाज, सगळे विष बाहेर टाकायचे किंवा त्यापासून दूर पळायचे मार्ग. आणि विष मिनिटांत काम करतं, म्हणून उत्तरही मिनिटांत. तेव्हा बहुतेकांनी ते हसण्यावारी नेलं.

पुढे स्टॅनफर्डच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की मास्ट पेशी नसलेले उंदीर मधमाशीच्या आणि काही सापांच्या विषाने जास्त लवकर दगावतात. मास्ट पेशींच्या कणांतली प्रथिनं तोडणारी विकरं विषाचेच तुकडे करतात. ही विकरं आपण 'दाह करणारी' म्हणून खलनायकांच्या यादीत टाकलेली. मग २०१३ मध्ये दोन शोधनिबंध एकाच अंकात आले, एक स्टॅनफर्डचा, एक येलचा. स्टॅनफर्डवाल्यांनी उंदरांना आधी थोडं मधमाशीचं विष टोचलं, काही आठवड्यांनी मारक ठरू शकेल एवढी मात्रा दिली. आधी टोचलेले जास्त संख्येने जगले. पण ज्या उंदरांत आयजीई नव्हतं किंवा त्याचा ग्राहक नव्हता, त्यांना या टोचणीचा फायदा झाला नाही. येलच्या गटाला दिसलं की फॉस्फोलिपेज पेशीपटलं फोडतं, त्यातून आयएल-३३ हा धोक्याचा निरोप सुटतो, आणि तिथून आयजीईकडे जाणारी सगळी वाट खुली होते. म्हणजे यंत्रणेने ओळखलं ते विषाचं कृत्य, त्याचा चेहरा नव्हे.

(हे उंदरांवरचं आहे, तिरकसराव. आधीच सांगून टाकतो.)

रात्रपाळी

एक मिनिट. मी आपत्कालीन विभागात काम करतो. माझ्यासमोर येणारा माणूस एका डंखाने कोसळलेला असतो, शंभर डंखांनी नव्हे. त्याला जाऊन 'तुमचं आयजीई तुमचं रक्षण करतंय' असं सांगायची माझी हिंमत नाही. मारक मात्रेपासून वाचवणं आणि ५० मायक्रोग्रॅमसाठी रक्ताभिसरण बंद पाडणं या दोन गोष्टी एका वाक्यात कशा बसवायच्या?

मृण्मयी

पण डॉक्टर, जे थोडक्यात निभावतात ते तुमच्याकडे येतच नाहीत ना. विषाविरुद्ध आयजीई रक्तात सापडतं पण डंखानंतर फक्त तिथेच सूज येते, असे लोक पुष्कळ आहेत. तुम्हाला दिसतात ते टोकाचे.

रात्रपाळी

हे मान्य. माझा आक्षेप 'रक्षण' हा शब्द बातम्यांत कसा वापरला जातो त्यावर आहे. संशोधनावर नाही.

वसंतराव

सर्वांना नमस्कार. चर्चा फार वरच्या पातळीवर चालली आहे, पण मी साधा प्रश्न विचारतो. माझे गुडघे गेली बरीच वर्षे त्रास देतात. एका परिचितांनी जिवंत मधमाशीचा डंख घेण्याचा उपचार सुचवला आहे. घ्यावा का?

चौकस

वसंतकाका, माझं उत्तर 'नको' असं आहे. कारणं देतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावर हा उपचार नीट तपासला गेला आहे. नेदरलँड्समध्ये २६ रुग्णांना २४ आठवडे, आठवड्यातून तीनदा, वाढवत वाढवत २० जिवंत मधमाशांपर्यंत डंख दिले, आणि त्याच रुग्णांच्या उपचाराविनाच्या २४ आठवड्यांशी तुलना केली. २००५ मध्ये निष्कर्ष आले: एमआरआयमध्ये फरक नाही, थकव्यात नाही, अपंगत्वात नाही. पार्किन्सनवर २०१६ मध्ये ४० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली, महिन्याला १०० मायक्रोग्रॅम विष. हालचालींच्या गुणांकनात प्लासिबोपेक्षा (औषध नसलेलं खोटं इंजेक्शन) वेगळं काही दिसलं नाही. उंदरांत मात्र दोन्हीकडे आशादायक चित्र होतं.

आणि धोका खरा आहे. स्पेनमध्ये ५५ वर्षांची एक बाई असे डंख दोन वर्षं घेत होती, काही त्रास नव्हता. एका खेपेला तीव्र अ‍ॅलर्जी झाली आणि त्यातून ती दगावली. डॉक्टरांनी २०१८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. 'आधी घेतलं तेव्हा काही झालं नाही' याला इथे अर्थ नसतो. आधीचे डंखच आयजीई तयार करत असतात.

वसंतराव

समजले. आभारी आहे. परिचितांना हा धागा दाखवतो, ऐकतील असे वाटत नाही.

अनाहूत

पण डंखाच्या अ‍ॅलर्जीवर मात्र विष हेच औषध आहे, हे इथे कुणीच लिहिलं नाही! मी स्वतः गांधीलमाशीच्या विषाची इम्युनोथेरपी पूर्ण केली आहे. सुरुवातीला इवलीशी मात्रा, मग चढवत १०० मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि मग दर काही आठवड्यांनी तीच. प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास बाहेरच्या खुर्चीवर बसवून ठेवायचे. दंड सुजायचा, रात्री त्या कुशीवर झोपता यायचं नाही. बाकी काही नाही.

तेव्हा वाचलं होतं की पूर्वी अख्खा कीटक वाटून त्याचा अर्क टोचायचे, आणि हे कित्येक दशकं चाललं.

पेशीवाला

हो, आणि तो अर्क निरुपयोगी होता. जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी १९७८ मध्ये तीन गट केले आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली मुद्दाम डंख दिले. अंगभर प्रतिक्रिया आली ती प्लासिबो गटात १२ पैकी ७ जणांना, अख्ख्या कीटकाचा अर्क मिळालेल्यांत ११ पैकी ७, आणि शुद्ध विष मिळालेल्यांत १८ पैकी एकालाच. इतके छोटे गट, पण इतका लख्ख निकाल क्वचित मिळतो.

तुमच्या शरीरात काय झालं असेल ते सांगतो. नियामक टी पेशी वाढल्या, त्यांनी आयएल-१० हा शांत करणारा निरोप सोडला, आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी आयजीई सोडून आयजीजी४ हे दुसऱ्या जातीचं प्रतिपिंड जास्त बनवायला लागल्या. ते विषाला मधल्या मध्ये पकडतं. हे समजायला मधमाश्या पाळणारे लोक फार उपयोगी पडले. हंगामात ते सतत डंख खातात. स्वित्झर्लंडच्या गटाने २००८ मध्ये त्यांचं रक्त तपासून दाखवलं की हंगाम सुरू झाला की विष ओळखणाऱ्या टी पेशी आयएल-१० कडे वळतात, आणि डंख थांबले की काही महिन्यांत परत फिरतात. सहनशीलता कशी येते आणि कशी ओसरते, दोन्ही एकाच माणसात. कुठल्याही नीतिसमितीने असा प्रयोग करू दिला नसता, हे लोक तो दरवर्षी आपणहून करतात.

सुमेधा_र

आणि ती कॅन्सरची बातमी? मेलिटिन, ऑस्ट्रेलिया?

चौकस

ती २०२० ची, पर्थची. ३१२ मधमाश्या आणि भुंग्यांसारख्या बंबलबीचं विष गोळा करून स्तनांच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकलं. मधमाशीच्या विषाने पेशी मेल्या, बंबलबीच्या विषाने फारसं काही झालं नाही. बातम्यांनी 'तासाभरात कॅन्सर खल्लास' एवढंच उचललं. मला त्यातलं दुसरं निरीक्षण जास्त महत्त्वाचं वाटतं: पेशी फुटण्याच्या आधीच, वीसेक मिनिटांत, ईजीएफआर आणि हर२ या ग्राहकांमधून आत जाणारे वाढीचे निरोप मंदावले होते. बशीतल्या पेशी मारणं फार अवघड नसतं. मेलिटिन लाल रक्तपेशीही तितक्याच तत्परतेने फोडतं, म्हणून ते शिरेतून सरळ सोडता येत नाही. नॅनोकणांत बांधून न्यायचे प्रयत्न २००९ पासून प्राण्यांत चालू आहेत.

नीलाक्षी

उशिरा वाचतेय. एक विचारू का? माझ्या भावाला मागे गांधीलमाशी चावली आणि तो दहा मिनिटांत बेशुद्ध पडला. अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत, घसा सुजला नाही. सरळ खाली. घाबरून पडला असेल असं सांगून घरी पाठवलं. आता बरा आहे. त्याची विषाची तपासणी करायची का?

रात्रपाळी

नीलाक्षीताई, करा, आणि त्याबरोबर रक्तातलं ट्रिप्टेजही तपासायला सांगा. भीतीने भोवळ येऊ शकते, पण डंखानंतर काही मिनिटांत, गांधी न उठता, थेट बीपी पडून बेशुद्ध होणं हे चित्र मला दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही. पुरुषांत तर नाहीच.

ट्रिप्टेज मास्ट पेशींतून येतं. प्रसंगानंतर एक-दोन तासांत ते शिखरावर असतं, ती वेळ तुमची गेली. पण एरवीची पातळी आताही कळू शकते. ती वाढलेली निघाली तर मास्टोसायटोसिस शोधावा लागतो, म्हणजे शरीरात मास्ट पेशींची संख्याच जास्त. बहुतेक प्रौढ रुग्णांत किट नावाच्या जनुकात ८१६ क्रमांकावर एक ठराविक बदल असतो, आता तो रक्तातूनही शोधता येतो. कित्येकांत हा आजार पहिल्यांदा कळतो तो अशा डंखामुळेच. त्याआधी ते स्वतःला ठणठणीत समजत असतात. पातळी नॉर्मल आली तरी एवढ्यावरून तो नाहीच असं म्हणता येत नाही. डॉक्टरांना 'पुरळ नव्हतं' हे आवर्जून सांगा, लोक नेमकं तेच सांगायचं विसरतात.

तोवर अ‍ॅड्रिनालिनचं इंजेक्शन जवळ ठेवण्याबद्दल विचारा. आणि मास्टोसायटोसिस निघालाच तर अनाहूत यांनी घेतली ती इम्युनोथेरपी तीन-पाच वर्षांनी थांबवत नाहीत, बहुधा कायम चालू ठेवतात.

नीलाक्षी

धन्यवाद डॉक्टर. तेव्हाचे कागद शोधते, बीपी लिहिलेलं असेल त्यात. तपासणी झाली की इथेच कळवते.